न घेतलेली साक्ष

१

एका बंद दाराबाहेरच्या बाकावर एक तरुण स्त्री बसून आहे. दाराआड अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीचे कामकाज चालू आहे, आणि इतर गोष्टींबरोबर या स्त्रीची छायाचित्रे हाही त्या कामकाजाचा विषय आहे. तिला साक्षीसाठी बोलावणे आले, म्हणून ती आली. तासांमागून तास जातात. आत तज्ज्ञ बोलतात, एक शोकाकुल पिता बोलतो, सिनेटर प्रश्न विचारतात. अखेरीस तिला सांगण्यात येते की तिच्या साक्षीची आवश्यकता उरलेली नाही, तिने जावे.

मेरी हॅरन यांच्या 'द नोटोरियस बेटी पेज' या चित्रपटाची चौकट या प्रतीक्षेने बांधली आहे. टोरांटो येथील महोत्सवात तो २००५ साली प्रथम दाखवला गेला आणि पुढील वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. हॅरन आणि ग्विनिव्हियर टर्नर यांनी मिळून त्याची पटकथा लिहिली. बेटीची भूमिका ग्रेचेन मोल या अभिनेत्रीने केली. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या त्या सुनावणीच्या वेळी खरोखरीच बेटी पेजला बोलावण्यात आले होते, आणि खरोखरीच तिची साक्ष झाली नाही. म्हणजे चित्रपटाची ही चौकट कल्पिलेली नसून इतिहासाने पुरवलेली आहे.

'पिन-अप' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द रूढ झाला नाही. भिंतीवर टाचणीने टाचून ठेवायचे चित्र, इतकाच त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या बराकींतून अशा चित्रांचा मोठा प्रसार झाला आणि युद्धोत्तर अमेरिकेत त्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. त्या व्यवसायातील सर्वाधिक छायाचित्रित चेहऱ्यांपैकी एक बेटी पेजचा होता.

काही वर्षांपूर्वी साहित्याच्या विद्यार्थ्यांसमवेत मी हा चित्रपट पाहिला. चरित्र आणि त्याचे कलारूप या विषयावरील चर्चेचे ते निमित्त होते. चर्चा रंगात आली असताना मागच्या रांगेतील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "बाई, त्या खोलीत कॅमेरे घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांवर आपण टीका करतो आहोत. पण त्यांनी जे पाहिले तेच आपणही दीड तास पाहिले. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?" मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नव्हते. प्रस्तुत लेखन म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले आणि कदाचित अपुरेच असलेले उत्तर आहे.

२

बेटी पेजचा जन्म १९२३ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. सहा भावंडांतली ती दुसरी. घरात दारिद्र्य होते. वडिलांकडून तिचे लैंगिक शोषण झाले. काही काळ बहिणींसह तिला अनाथालयात राहावे लागले. आणि तरीही ती शाळेत अत्यंत हुशार विद्यार्थिनी म्हणून गणली गेली. शिष्यवृत्तीवर तिने नॅशव्हिलच्याच पीबॉडी महाविद्यालयातून १९४४ साली पदवी घेतली. काही काळ शिक्षिकेचे काम केले, एक विवाह केला, तो मोडला, आणि अभिनेत्री होण्याच्या आकांक्षेने ती न्यूयॉर्कला आली.

१९५० साली कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर तिला जेरी टिब्स हा पोलीस अधिकारी भेटला. त्याला छायाचित्रणाचा छंद होता. कपाळावर सरळ कापलेली केसांची झालर, जी पुढे तिची ओळखखूण झाली, ती ठेवण्याचा सल्ला त्याचाच. त्यानंतर 'कॅमेरा क्लब' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांसाठी ती काम करू लागली. ठराविक शुल्क भरून पुरुष जमत आणि मॉडेलची चित्रे घेत. त्यांच्यापैकी काहींच्या कॅमेऱ्यात फिल्मच नसे, असे सांगितले जाते. १९५२ पासून आयर्विंग क्लॉ आणि त्यांची बहीण पॉला यांच्या व्यवसायासाठी तिने दोरखंडांनी बांधलेल्या, चाबूक हाती घेतलेल्या स्त्रीची चित्रे दिली. ती टपालाने ग्राहकांकडे जात. १९५४ मध्ये फ्लोरिडात बनी यीगर या छायाचित्रकार स्त्रीने तिची उघड्या आकाशाखाली चित्रे घेतली. यीगरने घेतलेले तिचे एक चित्र जानेवारी १९५५ च्या 'प्लेबॉय'च्या मध्यपृष्ठावर आले. १९५७ मध्ये बेटीने हा व्यवसाय सोडला. थोड्याच काळाने ती ख्रिस्ती धर्माकडे उत्कटतेने वळली, आणि तेथेच चित्रपट थांबतो.

या सामग्रीतून दोन प्रकारचे चित्रपट सहज होऊ शकले असते. एक, शोषित बालिकेची करुणकथा, ज्यात प्रत्येक छायाचित्र बालपणीच्या जखमेचा परिणाम ठरले असते. दुसरा, बंधने झुगारणाऱ्या मुक्त स्त्रीची विजयगाथा. हॅरन या दोहोंपैकी एकही मार्ग पत्करत नाहीत. वडिलांचे कृत्य चित्रपटात सूचित होते, परंतु ते पुढील आयुष्याची किल्ली म्हणून प्रेक्षकाच्या हाती दिले जात नाही. तिच्यावरील सामूहिक अत्याचाराचा प्रसंग येतो, पण अत्याचार पडद्यावर घडत नाही. आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली बेटी आनंदी आहे. हा आनंद खोटा, वरवरचा किंवा आजाराचे लक्षण आहे असे चित्रपट म्हणत नाही.

काही समीक्षकांना यात उथळपणा दिसला: नायिकेच्या अंतरंगात चित्रपट शिरतच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खरा आहे. परंतु तो दोषच आहे काय, याचा विचार करावयास हवा. दुसऱ्याच्या जीवनाचे कारण सांगणे हा वरकरणी सहानुभूतीचा व्यवहार दिसतो. पुष्कळदा तो मालकीचा व्यवहार असतो. 'ती अशी का वागली हे मला ठाऊक आहे' असे म्हणणारा चरित्रकार त्या व्यक्तीला आपल्या स्पष्टीकरणाच्या टाचणीने भिंतीला लावीत असतो. हॅरन यांचा संयम ही टाचणी हाती घेत नाही. तिने केलेले आणि तिच्या वाट्याला आलेले त्या शेजारी शेजारी ठेवतात. दोहोंना जोडणारा 'म्हणून' मात्र लिहीत नाहीत.

३

आता त्या बंद दाराआड जाऊ. उपसमितीचे अध्यक्ष सिनेटर एस्टेस केफॉव्हर हेही टेनेसीचेच. म्हणजे बेटीच्या राज्यातले. चौकशीचा घोषित विषय होता बालगुन्हेगारी आणि तिची कारणे. या साक्षींमधील सर्वांत हेलावून टाकणारी साक्ष फ्लोरिडातील एका पित्याची होती. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा दोरीने बांधलेल्या अवस्थेत मृत सापडला होता. अशा चित्रांच्या प्रभावानेच हे घडले असावे, असा त्याचा विश्वास होता.

चित्रपटाच्या बाजूने बोलताना आपण या पित्याला विसरून जातो. हॅरन त्याला विसरत नाहीत, आणि त्याची थट्टाही करीत नाहीत. त्या माणसाचे दुःख खरे आहे. त्याचा निष्कर्ष सिद्ध झालेला नाही, ही गोष्ट निराळी. शोकाला कारण हवे असते. कारण सापडले नाही तर तो ते शोधून काढतो. एखादे चित्र मृत्यूचे कारण होऊ शकते काय, हा प्रश्न पित्याने विचारला तर त्यात करुणा असते. तोच प्रश्न शासन विचारते तेव्हा त्यातून अधिकार निर्माण होतो. एकाच वाक्यातील हा अर्थबदल सुनावणीच्या त्या दालनात घडताना आपण पाहतो.

आयर्विंग क्लॉ साक्षीला आले, परंतु स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काचा आश्रय घेऊन त्यांनी उत्तरे देण्याचे नाकारले. येथे एक विलक्षण भेद दिसतो. क्लॉ यांचे मौन हा त्यांचा हक्क होता; त्यांना विचारले गेले आणि ते बोलले नाहीत. बेटीचे मौन तिने निवडलेले नव्हते. तिला विचारलेच गेले नाही. ज्या चित्रांविषयी सारा वाद होता, त्या चित्रांत क्लॉ दिसत नव्हते. दिसत होती ती, आणि नेमके तिचेच म्हणणे नोंदीत आले नाही.

अश्लीलतेचा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने साहित्याच्या संदर्भात चर्चिला गेला. मर्ढेकरांच्या 'काही कविता'वर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकरांच्या कथेसंबंधीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली त्याचा निकाल लेखकाच्या बाजूने लागला. या वादांत पक्ष दोनच होते: लिहिणारा आणि वाचणारा. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध होता काय, वाचणाऱ्याचे मन बिघडते काय, एवढेच प्रश्न विचारता येत. कवितेतील देह शब्दांचा असतो. त्याला थंडी वाजत नाही, भाडे भरावे लागत नाही, आणि म्हातारपण येत नाही.

छायाचित्रात मात्र एक तिसरा पक्ष असतो. घेणारा आणि पाहणारा यांच्या दरम्यान एक जिवंत माणूस उभा असतो. आपली सौंदर्यमीमांसा आणि आपला कायदा, दोन्ही या तिसऱ्याच्या बाबतीत दीर्घकाळ मुके राहिले. २०१४ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तपत्रीय छायाचित्राच्या प्रकरणात अश्लीलतेची जुनी, व्हिक्टोरियन इंग्लंडमधून आलेली कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी स्वीकारली. हे पाऊल निश्चितच पुढचे होते. तरीही कसोटी पाहणाऱ्यांचीच राहिली. जुन्या समाजाऐवजी आजचा समाज, इतकाच फरक. चित्रातल्या व्यक्तीने हे स्वेच्छेने केले काय, तिला त्याचा मोबदला मिळाला काय, उद्या तिचे मत बदलले तर काय, हे प्रश्न अश्लीलतेच्या कसोटीत बसतच नाहीत. आणि नैतिक दृष्ट्या पहिले प्रश्न हेच आहेत.

४

चित्रपटात एका प्रसंगी बेटी दोरखंडांनी बांधलेल्या अवस्थेत असताना तिला विचारले जाते की तुझ्या या कामाविषयी येशूला काय वाटेल. ती गोंधळते, मग म्हणते त्याचा भाव असा: देवाने प्रत्येकाला काही ना काही देणगी दिली आहे, मला ही दिली, त्यातून लोकांना आनंद होत असेल तर ते वाईट कसे? अॅडम आणि ईव्ह नंदनवनात विवस्त्रच होते, पाप घडल्यावर त्यांना वस्त्रे लागली, असा युक्तिवाद ती करीत असे. एखाद्या धर्मशास्त्रज्ञाला तो बालिश वाटेल. मला तो तितका बालिश वाटत नाही. लाज ही देहात नसून दृष्टीत असते, हे त्यात तिने आपल्या परीने सांगितले आहे.

परंतु येथेच आपण स्वतःला फसवण्याची शक्यता सर्वाधिक असते. तिचे मन निष्पाप होते, म्हणून तिच्याकडे पाहणेही निष्पाप, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. कर्त्याची निरागसता पाहणाऱ्याला वारशाने मिळत नाही. बेटीने आनंदाने दिलेले स्मित ही तिची कृती होती. त्या स्मिताचे पाहणाऱ्याने काय केले, ही त्याची. दोहोंचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे.

स्त्री-पुरुष हा भेदही येथे पुरेसा पडत नाही. पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी सरळ मांडणी अलीकडच्या समीक्षेत रूढ आहे, आणि तिचे सत्य नाकारण्याचे कारण नाही. पण क्लॉ यांच्या व्यवसायात बेटीच्या मनगटांवर दोर बांधणारे आणि पुष्कळदा कॅमेरा चालवणारे हात पॉलाचे होते. बनी यीगर स्वतः मॉडेल राहिलेली होती. आणि या सर्वांकडे कॅमेरा रोखणारी दिग्दर्शिकाही स्त्रीच आहे. स्त्रीच्या हाती कॅमेरा आल्याने दृष्टी आपोआप न्याय्य होत नाही. ती वेगळी होऊ शकते, इतकेच.

मग पाहण्यात भेद कशाने पडतो? याचा विचार करताना आपल्या काव्यशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांत 'हे माझे' किंवा 'हे त्या विशिष्ट परक्याचे' या बंधनात अडकून राहणे हे एक प्रमुख विघ्न आहे. रंगभूमीवरील शकुंतला ही प्रेक्षकाच्या लेखी कोणी विशिष्ट स्त्री राहत नाही. तिचे दुःख देशकालाच्या मर्यादा ओलांडते आणि प्रेक्षकही स्वतःच्या खासगी वासनांतून काही काळ सुटतो. हे साधारणीकरण दुतर्फा असते. पात्राचे विशेषत्व गळते तसे पाहणाऱ्याचेही गळते.

पिन-अप चित्र यातील अर्धीच क्रिया करते. चित्रातल्या स्त्रीचे नाव, गाव, शिक्षण, भूक, श्रद्धा हे सारे गळून पडते. पाहणाऱ्याचे मात्र काहीच गळत नाही. उलट त्याची खासगी इच्छा तिथे निर्धास्तपणे नांदते. ती सर्वांची होते, तो मात्र स्वतःचाच राहतो. या एकतर्फीपणात त्या चित्राचा नैतिक दोष आहे, नग्नतेत नाही. आणि याचाच एक विचित्र पुरावा असा की क्लॉ यांच्या चित्रांत कायद्याच्या धास्तीमुळे नग्नता मुळीच नसे. तरीही सर्वाधिक खळबळ त्यांचीच झाली.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी आज उत्तर देईन ते येथून. आम्ही तेच पाहिले हे खरे. पण हॅरन यांनी ते दाखवताना गळून पडलेल्या गोष्टी एकेक करून परत आणल्या. प्रसिद्ध छायाचित्रे चित्रपटात पुन्हा उभी केलेली दिसतात, पण ते चित्र टिपले जाण्यापूर्वीचा आणि नंतरचा क्षणही दिसतो. टाचांच्या बुटांत अवघडलेले पाय, दोर सोडल्यावर पॉलाशी झालेले घरगुती बोलणे, अभिनयाच्या वर्गात शब्दांना अडखळणारी तीच स्त्री, आणि वारंवार त्या बाकावरची तिची बैठक. न्यूयॉर्क कृष्णधवल, फ्लोरिडा रंगीत, अशी योजनाही त्या काळच्या चित्रांची आठवण करून देते. हे प्रतिमांचे जग आहे, हे आपल्याला विसरू दिले जात नाही. कॅमेरा क्लबातल्या माणसाला ती स्त्री पाहताना तिचे नाव आठवण्याची गरज नव्हती. आम्हाला ते विसरता आले नाही. फरक असला तर एवढाच, आणि तो लहान नाही.

५

असे असले तरी एक अस्वस्थता उरते. चित्रपट जिथे थांबतो तिथे बेटी पेजचे आयुष्य थांबले नव्हते. पुढे आणखी विवाह आणि घटस्फोट झाले. तीव्र मानसिक आजार जडला. त्या आजारात तिच्या हातून हिंसा घडली. न्यायालयाच्या आदेशाने कॅलिफोर्नियातील मनोरुग्णालयात तिने अनेक वर्षे काढली आणि १९९२ साली ती बाहेर आली. नेमक्या याच काळात तिच्या जुन्या चित्रांना नवी लोकप्रियता लाभली होती. डेव्ह स्टीव्हन्स यांच्या 'द रॉकेटियर' या चित्रकथेतील नायिका तिच्यावरून बेतली गेली. तिचा चेहरा छापून लोक पैसे मिळवत होते, आणि ती स्वतः एका रुग्णालयात होती. पुढे तिला काही मानधन मिळू लागले, हे खरे. स्टीव्हन्स यांनीही तिचा शोध लागल्यावर तिला मदत केली. पण कित्येक वर्षे चित्र आणि व्यक्ती ही दोन्ही एकाच देशात परस्परांच्या गावी नसल्यासारखी जगत होती.

चित्रपटाने हा भाग का वगळला? तिच्या वृद्धापकाळाची आणि आजाराची आब राखण्यासाठी, असे म्हणता येईल. चित्रपट आला तेव्हा ती हयात होती. परंतु याच वगळण्याला दुसऱ्या बाजूने पाहिले तर कॅमेरा क्लबानेही तेच केले होते: तिचे तारुण्य ठेवले आणि बाकीचे टाकून दिले. मला या दोहोंपैकी एका बाजूला पूर्णतः उभे राहता येत नाही. दयेने केलेली निवड आणि सोयीने केलेली निवड पडद्यावर सारखीच दिसते, इतके मात्र म्हणावेसे वाटते.

जिवंत स्त्रीचे आयुष्य कलेने कसे हाती घ्यावे, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हंसाबाईंच्या निधनानंतर काही वर्षांनी निघाला, आणि त्यात नायिकेचे नाव उषा असे ठेवले गेले. चित्रपटाने जे घेतले आणि जे बदलले ते तपासून पाहण्यासाठी वाचकापाशी मूळ आवाज होता. हंसाबाईंनी गाजवलेल्या अनंत माने यांच्या १९५९ च्या चित्रपटाचे शीर्षकच त्या पुस्तकाने घेतले. पण पुस्तकावर आल्यावर ते लावणीच्या मंचावरचे राहिले नाही, समाजाला केलेली आज्ञा झाले. सांगणारी आधी सांगून गेली. चित्रे नंतर आली.

बेटीच्या बाबतीत क्रम उलटा लागला. सुनावणीनंतरच्या दबावाने क्लॉ यांनी आपल्या चित्रांच्या निगेटिव्ह जाळल्या. पॉलाने त्यांतील काही गुपचूप वाचवल्या, म्हणूनच पुढची लोकप्रियता शक्य झाली. वाचवणाऱ्या हातांनी चित्रे वाचवली. आवाज कोणी जपला नव्हता. तो आला फार उशिरा. बेटी पेज २००८ साली लॉस एंजलिस येथे वारली. मार्क मोरी यांचा 'बेटी पेज रिव्हील्स ऑल' हा माहितीपट २०१२ साली आला, आणि त्यात आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींतून ती स्वतः आपली कहाणी सांगते. उतारवयात आपले छायाचित्र घेऊ देण्यास ती बहुधा नकार देत असे. या माहितीपटातही तिचा वृद्ध चेहरा दिसत नाही. खरखरीत, दक्षिणी वळणाचा, मधूनच हसणारा एक म्हातारा आवाज तेवढा ऐकू येतो.

या नकाराचा अर्थ काय? आपले सौंदर्य लोकांच्या स्मृतीत अभंग राहावे अशी इच्छा त्यात होती, आणि तिला अहंकार म्हणून कोणी हसेल. मला त्यात आणखी काही दिसते. हजारो वेळा जिला पाहिले गेले, तिने आयुष्याच्या अखेरीस कधी पाहावे आणि कधी पाहू नये हे स्वतः ठरवले. १९५५ साली चित्र समितीपुढे होते आणि आवाज दाराबाहेर होता. शेवटी आवाज आत आला आणि चित्र तिने दाराबाहेर ठेवले. त्या विद्यार्थिनीला मी आता एवढेच सांगेन की हॅरन यांचा चित्रपट पाहून झाल्यावर पडदा बंद ठेवून तो आवाजही ऐकावा. पाहण्याचे जे ऋण आपल्यावर झाले आहे, ते फिटले तर अशा ऐकण्यानेच थोडेफार फिटेल.